मिनिटे, मैल आणि दिवस : अमेरिकेतील राज्य विधिमंडळे आणि वैद्यकीय साहाय्याची समीपता

१

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राज्य विधिमंडळांपुढे गेल्या सुमारे तीन दशकांत दोन विषय पुनःपुन्हा आलेले दिसतात. हृदयक्रिया एकाएकी बंद पडलेल्या मनुष्यास विजेचा धक्का देऊन वाचविणारे यंत्र कोठे व कोणी ठेवावे, हा पहिला विषय. सैन्यातून परतलेल्या माणसास औषधोपचार कोठे व किती दिवसांत मिळावा, हा दुसरा. वरवर पाहता या दोहोंत काहीच नाते नाही. एकात भिंतीवर टांगलेल्या लहानशा पेटीचा प्रश्न आहे, तर दुसऱ्यात दीडशे वर्षांहून जुन्या अशा एका अवाढव्य संस्थेचा. तथापि दोन्ही विषयांवरील कायदे शेजारी ठेवून वाचले असता एकच शब्द दोन्हीकडे मध्यवर्ती असल्याचे आढळून येते. तो शब्द म्हणजे ‘ॲक्सेस’. इ. स. २००० मध्ये ग्रामीण भागांत हृदयाची यंत्रे पुरविण्यासाठी जो कायदा झाला त्याच्या नावात तो आहे, आणि २०१४ मध्ये माजी सैनिकांच्या उपचारांसंबंधी जो कायदा झाला त्याच्याही नावात तो आहे.

या शब्दाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. ‘जवळ जाणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आला. चौदाव्या शतकातील इंग्रजीत मात्र त्याचा एक रूढ अर्थ ‘रोगाचा झटका’, विशेषतः तापाचा झटका, असा होता. म्हणजे जवळ येणारा तो रोग होता. पुढे त्या अर्थाचा लोप होत गेला आणि माणसाने इष्ट वस्तूच्या जवळ जाणे हा अर्थ स्थिरावला. आधुनिक कायद्यांत रोग्याने उपचाराजवळ जाणे आणि उपचाराने रोग्याजवळ येणे या दोन्ही क्रियांना हा एकच शब्द लावला जातो. या दोन क्रिया वस्तुतः परस्परविरुद्ध दिशांच्या आहेत, आणि प्रस्तुत विषयाचा इतिहास बऱ्याच अंशी या दोन दिशांचाच इतिहास आहे.

समीपता ही भावना असली, तरी कायद्याला ती मोजावी लागते. मोजण्यासाठी एकक हवे आणि मोजण्याचा अधिकार कोणाकडे तरी हवा. हृदयाच्या यंत्रासंबंधी राज्यांनी मिनिटांचे एकक स्वीकारले. माजी सैनिकांसंबंधी मध्यवर्ती सरकारने प्रथम मैलांचे व दिवसांचे. ही एकके कशी ठरली, कोणी ठरविली आणि त्यांच्या बाहेर कोण राहिले, हे पाहणे हा येथील विवेचनाचा हेतू आहे.

२

सैनिकाची जबाबदारी समाजावर आहे ही कल्पना अमेरिकेत राष्ट्राहूनही जुनी आहे. प्लिमथच्या वसाहतीने १६३६ सालीच, लढाईत जायबंदी होऊन परतलेल्या शिपायाचे आयुष्यभर पोषण वसाहतीने करावे, असे ठरविले होते. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात काँग्रेसने, म्हणजे राष्ट्रीय विधिमंडळाने, १७७६ साली अपंग सैनिकांना निवृत्तिवेतन देऊ केले. परंतु निवृत्तिवेतन म्हणजे पैसा, औषधोपचार नव्हे. उपचाराचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो यादवी युद्धानंतर.

लिंकन यांनी ३ मार्च १८६५ रोजी, आपल्या दुसऱ्या अध्यक्षीय भाषणाच्या आदल्या दिवशी, अपंग स्वयंसेवक सैनिकांसाठी राष्ट्रीय आश्रयगृह स्थापन करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. पुढल्याच वर्षी मेन राज्यातील टोगस येथे पहिले गृह उघडले. पूर्वी ती जागा औषधी झऱ्याच्या पाण्यासाठी येणाऱ्या धनिकांचे विश्रामस्थान होती. या संस्थेच्या मूळ नावात ‘असायलम’ हा शब्द होता. १८७३ साली तो काढून त्याऐवजी ‘होम’ हा शब्द घालण्यात आला. ‘असायलम’ या शब्दाला एव्हाना वेडाच्या व दारिद्र्याच्या छटा चिकटल्या होत्या. ज्याने राष्ट्रासाठी अवयव गमावला त्याला अनाथाच्या पंक्तीस बसविणे अनुचित ठरले असते. नाव बदलले तरी व्यवस्था तीच राहिली. सैनिकाने आपले गाव सोडावे, संस्थेत येऊन राहावे, तेथेच वृद्ध व्हावे आणि तेथेच मरावे, अशी ती व्यवस्था होती.

राज्यांचा या कार्यातील प्रवेश याच सुमाराचा. कनेक्टिकटमधील डेरियन येथे एका दानशूर गृहस्थाने १८६४ मध्येच, युद्ध संपण्यापूर्वी, असे एक गृह उघडले होते. पुढे एकामागून एक राज्यांनी स्वतःची सैनिकगृहे काढली. १८८८ साली काँग्रेसने राज्यांच्या गृहांत राहणाऱ्या प्रत्येक पात्र सैनिकामागे वर्षाला १०० डॉलर साहाय्य देण्याचे ठरविले. राज्याने घर चालवावे आणि मध्यवर्ती सरकारने माणशी रक्कम द्यावी, ही रीत पुढे टिकून राहिली. आज अशी दीडशेहून अधिक राज्यगृहे आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे अवश्य आहे. या काळात अंतराचा प्रश्नच उद्भवत नव्हता. सैनिक संस्थेत राहावयास आला की अंतर संपले. ‘काळजी घेणे’ याचा अर्थ ‘आसरा देणे’ असा होता, तोवर मैल मोजण्याचे कारण नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर, विशेषतः १९३० साली सर्व संबंधित कार्यालये एकत्र करून माजी सैनिकांचे प्रशासन स्थापन झाल्यावर, काळजीचा अर्थ ‘उपचार’ असा होत गेला. उपचार घेणारा माणूस आपल्या घरी राहतो, रुग्णालयात जातो आणि परत येतो. त्या क्षणापासून त्याचे घर आणि रुग्णालय यांमधील रस्ता हा धोरणाचा विषय झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या रस्त्याची लांबी एका स्तुत्य सुधारणेमुळे वाढली, हे इतिहासातील विसंगतीचे एक उदाहरण होय. प्रशासनाची सूत्रे जनरल ओमर ब्रॅडली यांच्याकडे आणि वैद्यकीय विभाग मेजर जनरल पॉल हॉली यांच्याकडे आला तेव्हा सैनिकी रुग्णालयांतील उपचारांचा दर्जा टीकेचा विषय झालेला होता. १९४६ साली झालेल्या कायद्याने स्वतंत्र वैद्यकीय विभाग निर्माण केला आणि रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. दर्जा निश्चितपणे सुधारला. बफेलो येथील सैनिकी रुग्णालयात चार्डॅक आणि गेज या शल्यविशारदांनी अभियंते ग्रेटबॅच यांनी बनविलेला पेसमेकर १९५८ मध्ये कुत्र्यावर वापरून पाहिला, आणि १९६० मध्ये तो माणसाच्या शरीरात बसविण्यात आला, ही या धोरणाच्या काळातील एक ठळक फलश्रुती. पण वैद्यकीय महाविद्यालये शहरांत असतात. नवी रुग्णालये त्यांच्या शेजारी गेली. शेतावर परतलेला शिपाई होता तेथेच राहिला. उत्तम वैद्य आणि जवळचा वैद्य यांपैकी एकाची निवड करावी लागली, आणि ती उत्तम वैद्याच्या बाजूने झाली.

३

हृदयाच्या यंत्राचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. येथे रोग्याने उपचाराकडे जाण्यास वेळच नसतो. हृदयाचे खालचे कप्पे, म्हणजे जवनिका, नियमित आकुंचन सोडून नुसत्या थरथरू लागल्या की रक्ताभिसरण थांबते. अशा माणसास छाती दाबून कृत्रिम अभिसरण दिले नाही, तर धक्क्याला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबागणिक त्याच्या जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. दहा मिनिटांनंतर उत्तम रुग्णालयही बहुधा निरुपयोगी ठरते.

विजेच्या धक्क्याने ही थरथर उत्पन्न होते आणि विजेच्याच धक्क्याने ती थांबतेही, हे जिनीव्हा येथे प्रेव्हो आणि बातेली यांनी १८९९ साली कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखविले. मनुष्यावर हा उपाय सफल होण्यास अठ्ठेचाळीस वर्षे लागली. १९४७ साली क्लीव्हलंड येथे क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी छाती उघडी असलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलाचे हृदय अशा रीतीने पुन्हा चालू केले. छाती न उघडता बाहेरून धक्का देण्याची रीत बॉस्टनच्या पॉल झोल यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. १९६० साली बाल्टिमोर येथील कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी केवळ हातांनी छाती दाबून रक्ताभिसरण टिकविता येते हे दाखवून दिले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी बर्नार्ड लाउन यांनी एकदिश प्रवाहाचे, अधिक निर्धोक यंत्र सिद्ध केले. या सर्वांनी यंत्र सुधारले. परंतु ते रुग्णालयाच्या भिंतींच्या आतच होते.

ते बाहेर आणले फ्रँक पँट्रिज यांनी, आणि त्यांच्या चरित्रात प्रस्तुत दोन्ही विषय अनपेक्षितपणे एकत्र आलेले आहेत. उत्तर आयर्लंडमधील हा वैद्य दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात होता. १९४२ साली सिंगापूर पडल्यावर तो जपान्यांच्या कैदेत सापडला, ब्रह्मदेश-सयाम रेल्वेच्या छावण्यांतून गेला आणि हृदयावर परिणाम करणाऱ्या बेरीबेरीने ग्रस्त होऊनही जिवंत परतला. हृदयविकाराचे अनेक बळी रुग्णालयात पोचण्यापूर्वीच दगावतात, हे ध्यानी घेऊन त्यांनी १९६५ साली बेलफास्ट येथे मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे सुमारे ७० किलो वजनाचे यंत्र रुग्णवाहिकेत बसविले. थोड्याच वर्षांत त्या यंत्राचे वजन सुमारे ३ किलोंवर आले. त्यांचा १९६७ सालचा वृत्तांत वाचून अमेरिकेतील अनेक शहरांनी हा प्रयोग उचलला.

अमेरिकेतील भूमी याच वेळी दुसऱ्या एका कारणाने तयार झाली होती, आणि तेही कारण सैनिकी होते. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९६६ साली अपघाती मृत्यू व अपंगत्व यांवर एक प्रतिवेदन प्रसिद्ध केले. वैद्यकीय केंद्रापर्यंत पोचलेल्या जखमी सैनिकांतील मृत्यूचे प्रमाण पहिल्या महायुद्धात ८ टक्के, दुसऱ्यात ४.५ टक्के, कोरियात २.५ टक्के आणि व्हिएतनाममध्ये २ टक्क्यांहून कमी असे उतरत गेल्याचे त्यात दाखविले होते. कोरिया व व्हिएतनाम येथून परतलेल्या तज्ज्ञांचे मत त्यात नमूद आहे, की गंभीर जखमी झालेल्या माणसाच्या जगण्याची आशा सामान्य शहरी रस्त्यापेक्षा युद्धभूमीवर अधिक होती. याचे कारण वैद्यकीय ज्ञानातील फरक हे नव्हते. युद्धभूमीवर अंतराचा विचार आधी केलेला होता. हेलिकॉप्टर, पुढे सरकणारी रुग्णालये आणि प्रशिक्षित परिचारक यांची साखळी तयार होती. नागरी जीवनात अशी साखळी नव्हती.

ती निर्माण करण्याचा अधिकार राज्यांचा होता, कारण वैद्यकीय व्यवसाय कोणी करावा हे अमेरिकेत राज्येच ठरवितात. कॅलिफोर्नियाने १९७० साली वेडवर्थ-टाउनसेंड कायदा करून विशेष शिक्षण घेतलेल्या अग्निशामक जवानांस व परिचारकांस, रुग्णालयातील वैद्यांशी संपर्क ठेवून, रस्त्यावरच हृदयाला धक्का देण्याची मुभा दिली. तोपर्यंत हे कृत्य वैद्याचे किंवा परिचारिकेचे होते. यंत्र रुग्णालयाबाहेर आणण्याचे काम वैद्यकाने केले. ते वैद्येतर हातांत देण्याचे काम विधिमंडळाने केले.

४

१९७० च्या दशकाच्या अखेरीस पोर्टलंड येथील शल्यविशारद आर्च डायॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाची लय स्वतःच ओळखून धक्का देणारे यंत्र पुढे आणले. आता निदानही यंत्रच करणार होते. ते वापरण्यासाठी वैद्याची तर नाहीच, पण परिचारकाचीही अनिवार्यता उरली नाही. विमानतळावरील प्रवासी, शाळेतील शिपाई, दुकानातील विक्रेता यांपैकी कोणीही ते वापरू शकत होता. अडचण होती ती धैर्याची: रोगी दगावला तर खटला कोणावर होईल?

या भीतीवर अमेरिकेत एक जुना तोडगा होता. १९५९ साली कॅलिफोर्नियाने, अपघातस्थळी सद्भावनेने मदत करणाऱ्या वैद्यास दाव्यापासून संरक्षण देणारा कायदा केला आणि असे कायदे बायबलमधील दयाळू शोमरोनी माणसाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. हेच संरक्षण यंत्र वापरणाऱ्या सामान्य नागरिकास देण्याचा उपक्रम राज्यांनी आरंभिला. फ्लॉरिडाने १९९७ साली यात पुढाकार घेतला आणि २००१ पर्यंत पन्नासही राज्यांत या यंत्रासंबंधी कायदे अथवा नियम झाले. काँग्रेसने २००० साली केलेल्या कायद्याने मध्यवर्ती सरकारच्या इमारतींत यंत्रे ठेवण्याविषयी मार्गदर्शन करण्याचे ठरविले आणि जेथे राज्याने संरक्षण दिलेले नसेल तेवढ्यापुरते राष्ट्रीय संरक्षण दिले.

या पहिल्या पिढीच्या कायद्यांचे क्रियापद परवानगीचे आहे. इंग्रजी विधिभाषेत ‘मे’ हे क्रियापद अनुज्ञा सांगते आणि ‘शॅल’ हे कर्तव्य. महाराष्ट्रातील अधिनियमांच्या मराठी पाठांत हाच भेद ‘करता येईल’ आणि ‘करील’ या रूपांनी दाखविला जातो. १९९७ ते २००१ या काळातील कायदे मुख्यतः सांगतात की यंत्र ठेवता येईल. ठेवल्यास प्रशिक्षण द्यावे, देखभाल करावी, स्थानिक रुग्णवाहिका सेवेस कळवावे. आणि सद्भावनेने ते वापरणारा, ढोबळ हलगर्जी वगळता, दाव्यास पात्र होणार नाही. यात राज्याच्या तिजोरीतून काही जात नव्हते. एवढ्या अल्पावधीत सर्व राज्यांनी असे कायदे का केले, याचे एक कारण यातच सापडते.

दरम्यान मिनिटांचा पुरावा जमू लागला. लास व्हेगस येथील जुगारगृहांच्या रखवालदारांना ही यंत्रे देण्यात आली होती. तेथील सर्वत्र लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे मनुष्य कोसळण्याचा क्षण व धक्क्याचा क्षण यांतील अंतर अचूक मोजता आले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जवनिकांच्या थरथरीच्या १०५ रोग्यांपैकी ५३ टक्के वाचले. तीन मिनिटांच्या आत धक्का मिळालेल्यांत हे प्रमाण ७४ टक्के, तर त्यानंतर मिळालेल्यांत ४९ टक्के होते. शिकागोच्या विमानतळांवरील दोन वर्षांच्या अनुभवात, २००२ च्या वृत्तांताप्रमाणे, अशा १८ रोग्यांपैकी ११ शुद्धीवर आणता आले, आणि यंत्र वापरणारे बहुतेक जण वाटसरू होते. रस्त्यांवर कोसळणाऱ्यांपैकी फारच थोडे वाचत असताना जुगारगृहात निम्म्याहून अधिक वाचतात, ही वस्तुस्थिती विधिमंडळांना नजरेआड करता येण्याजोगी नव्हती.

त्यामुळे ‘मे’चे रूपांतर ‘शॅल’मध्ये होऊ लागले. न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवरील एक चौदा वर्षांचा खेळाडू २००० साली छातीवर चेंडू आदळून मैदानावरच मृत्यू पावला. त्याच्या आईवडिलांच्या प्रयत्नांनी २००२ साली त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि सार्वजनिक शाळांत यंत्र ठेवणे बंधनकारक झाले. कॅलिफोर्नियात एका मोठ्या दुकानात कोसळून मरण पावलेल्या स्त्रीच्या नातलगांनी दावा केला, तेव्हा त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, दुकानदारावर असे यंत्र ठेवण्याचे कर्तव्य सामान्य विधितत्त्वांनी येत नाही, असा निर्णय दिला. असे कर्तव्य लादावयाचे की काय, हा प्रश्न विधिमंडळाच्या कक्षेत राहिला. पुढल्याच वर्षी तेथे कायदा झाला आणि २०१७ पासून बांधावयाच्या काही प्रकारच्या मोठ्या इमारतींसाठी यंत्र आवश्यक ठरले. सिनसिनाटी येथे जानेवारी २०२३ मध्ये फुटबॉलपटू डमार हॅमलिन सामन्यात कोसळले आणि मैदानावरील तात्काळ उपचारांनी वाचले. त्यानंतर अनेक राज्यांत हा विषय नव्याने आला. ओहायोने २०२४ साली शाळांसाठी कायदा केला. एखाद्या मृत्यूनंतर किंवा थोडक्यात टळलेल्या मृत्यूनंतर कायदा होतो, हा क्रम येथे इतका नियमित आहे की विधिमंडळाचे लक्ष आकडेवारीपेक्षा एका चेहऱ्याने अधिक वेधले जाते, असे म्हणावे लागते.

या कायद्यांच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. रुग्णालयाबाहेर हृदयक्रिया बंद पडण्याच्या सुमारे ७० टक्के घटना घरांत घडतात. सार्वजनिक भिंतीवरील पेटी तेथे पोचत नाही. घरोघरी यंत्र ठेवल्याने लाभ होतो का, याची सुमारे ७,००० रोग्यांवर झालेली पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत मृत्यूंत घट आढळली नाही. शिवाय यंत्र बसविणे आणि ते चालू स्थितीत असणे या भिन्न गोष्टी आहेत. राष्ट्रीय औषध प्रशासनाकडे २००५ पासून २०१४ पर्यंत यंत्रे निकामी ठरल्याच्या सुमारे ७२,००० तक्रारी आल्या, आणि त्यामुळे २०१५ साली त्याने उत्पादकांवरील अटी कडक केल्या. कायद्यात ‘ठेवील’ हे क्रियापद लिहिणे सोपे. ‘सांभाळील’ हे क्रियापद अमलात आणणे कठीण.

५

माजी सैनिकांच्या बाबतीत राज्य विधिमंडळाची वाणी अगदी निराळी होते. सैनिकी रुग्णालये मध्यवर्ती सरकारची असल्यामुळे राज्य तेथे ‘शॅल’ म्हणू शकत नाही. ते फार तर काँग्रेसकडे विनंतीचा ठराव धाडू शकते. अनेक राज्यांत अशा ठरावास ‘मेमोरियल’ म्हणतात. येथे त्या शब्दाचा अर्थ स्मारक नसून विनवणीपत्र हा आहे. म्हणजे तेच सभागृह यंत्राविषयी आज्ञार्थात बोलते आणि सैनिकाविषयी विनंतीच्या स्वरात. हा भेद करुणेच्या कमीअधिकपणाचा नाही. तो संविधानातील अधिकारविभागणीचा आहे. परंतु रोग्याच्या दृष्टीने परिणाम सारखाच होतो.

अंतराची तीव्रता मेन राज्यात विशेष स्पष्ट दिसते. टोगस येथील राष्ट्रातील पहिले सैनिकगृह पुढे रुग्णालय झाले. परंतु राज्याच्या उत्तर टोकावरील कॅरिबू गावाहून तेथे जावयाचे तर दोनशेहून अधिक मैलांचा रस्ता कापावा लागे. स्थानिक माजी सैनिकांच्या दीर्घ खटपटीनंतर १९८७ साली कॅरिबू येथील नागरी रुग्णालयाच्या आवारात सैनिकी प्रशासनाचे बाह्यरुग्ण केंद्र उघडले. गावोगावी उघडलेल्या अशा केंद्रांतील ते पहिले मानले जाते. १९९० नंतरच्या काळात अशी शेकडो केंद्रे निघाली. ब्रॅडली यांच्या काळात शहराकडे वळलेली दिशा अंशतः पुन्हा गावाकडे वळली.

तथापि मागणी त्याहून वेगाने वाढली. २०१४ मध्ये फीनिक्स येथील सैनिकी रुग्णालयातील प्रतीक्षायाद्यांचा प्रकार उघडकीस आला आणि देशभर तपासणी झाली. नव्याने नाव नोंदविलेल्या ५७,००० हून अधिक माजी सैनिकांना पहिल्या भेटीसाठी ९० दिवसांहून जास्त थांबावे लागत असल्याचे तीत आढळले. मंत्री एरिक शिन्सेकी यांनी ३० मे रोजी पद सोडले आणि ऑगस्टमध्ये नवा कायदा झाला. सैनिकी केंद्रापासून ४० मैलांहून दूर राहणाऱ्या, अथवा ३० दिवसांहून अधिक थांबावे लागणाऱ्या माजी सैनिकास सरकारी खर्चाने खाजगी वैद्याकडे जाण्याची मुभा त्याने दिली.

आता प्रश्न आला मोजणीचा. ४० मैल म्हणजे कोणते ४० मैल? प्रशासनाने प्रथम नकाशावर सरळ रेषा ओढली. मध्ये डोंगर असो, सरोवर असो वा उपसागर असो, ती रेषा चाळिसाच्या आत भरली की सैनिक ‘जवळ’ ठरत असे, मग प्रत्यक्ष रस्ता कितीही लांब असो. लोकांच्या व प्रतिनिधींच्या तक्रारींनंतर २०१५ च्या वसंतात मोटाररस्त्याचे अंतर धरण्याचे ठरले. दुसरी खोच ‘केंद्र’ या शब्दात होती. ज्या केंद्रात हव्या त्या रोगावर इलाज होत नाही, किंबहुना जेथे पूर्णवेळ वैद्यच नाही, तेही जवळ असले तर माणूस अपात्र ठरे. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन, निदान एक पूर्णवेळ प्राथमिक वैद्य असलेलेच केंद्र हिशेबात घ्यावे असे ठरले. कायद्यातील दोन शब्दांच्या अर्थावर माणसांचे उपचार अवलंबून होते, याचे हे अलीकडचे आणि अत्यंत स्पष्ट उदाहरण होय.

२०१८ च्या कायद्याने आणि जून २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनी मैलांचे मापच सोडून दिले. प्राथमिक व मानसिक उपचारांसाठी सरासरी ३० मिनिटांचा मोटारप्रवास वा २० दिवसांची प्रतीक्षा, आणि विशेषज्ञांच्या उपचारांसाठी ६० मिनिटांचा प्रवास वा २८ दिवसांची प्रतीक्षा, ही नवी मर्यादा झाली. अशा रीतीने दोन्ही विषयांचे कायदे अखेर मिनिट या एककाशी येऊन ठेपले. याच सुमारास, २०१८ मध्ये, सैनिकी प्रशासनाच्या वैद्यांना राज्यसीमा ओलांडून दूरसंपर्काने उपचार करण्याची मोकळीक मध्यवर्ती नियमाने मिळाली. वैद्याला परवाना देण्याचा राज्यांचा जुना अधिकार येथे त्या मर्यादेत बाजूस सारावा लागला. १९७० साली ज्या अधिकाराचा उपयोग करून कॅलिफोर्नियाने उपचार रस्त्यावर आणला, तोच अधिकार आता सीमेवरील अडसर ठरला होता.

६

हे दोन इतिहास एका ठिकाणी प्रत्यक्ष भेटतात. माजी सैनिकाचेच हृदय बंद पडले तर? त्याला सैनिकी रुग्णालयाची वाट पाहता येत नाही. शेजारी छाती दाबतो, दुकानातील यंत्र धक्का देते, रुग्णवाहिका जवळच्या नागरी रुग्णालयात नेते. इथपर्यंत सारे राज्याच्या कायद्यांच्या छत्राखाली घडते. त्यानंतर देयक येते, आणि तेथे मध्यवर्ती कायद्याचा अंमल सुरू होतो. १९९९ च्या कायद्याने अशा खर्चाची काही अटींवर भरपाई मान्य केली. सामान्य समंजस माणसाला ती परिस्थिती जिवावरची वाटली असती काय, ही त्यातील कसोटी. २०१९ पासूनच्या नियमांत, नागरी रुग्णालयातील तातडीचा उपचार सैनिकी प्रशासनाने आपल्या योजनेखाली मान्य करावयाचा तर ७२ तासांच्या आत सूचना पोचणे ही एक अट आहे. म्हणजे ज्याला तीन मिनिटांत मदत मिळाली म्हणून तो वाचला, त्याच्या घरच्यांना पुढले तीन दिवस दुसऱ्या एका घड्याळाकडे पाहावे लागते.

या विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, समीपता हे भूगोलाने दिलेले सत्य नाही. ते कायद्याने केलेले विधान आहे. एकक बदलले की जवळ असलेला माणूस दूर ठरतो व दूर असलेला जवळ येतो. दुसरा असा की, राज्य विधिमंडळे जेथे अधिकार व अल्प खर्च एकत्र येतात तेथे जलद चालतात. संरक्षण देण्यास काही लागत नव्हते, म्हणून चार वर्षांत पन्नास राज्ये एका मार्गावर आली. रुग्णालय गावाजवळ आणण्यास पुष्कळ लागते आणि तो अधिकारही त्यांचा नाही, म्हणून तेथे ठरावच पुष्कळ झाले. तिसरा निष्कर्ष १९६६ च्या प्रतिवेदनातच बीजरूपाने होता. युद्धभूमीवर जखमी सैनिकाचे अंतर राष्ट्राने आधीच मोजून ठेवलेले असते, कारण तेथे ते मोजणे युद्धाचाच भाग असतो. तोच सैनिक घरी परतल्यावर त्याचे अंतर मोजण्याचे काम तक्रार, मृत्यू किंवा घोटाळा झाल्यावाचून सहसा सुरू झालेले नाही.

‘ॲक्सेस’ या शब्दाचा जुना अर्थ येथे पुन्हा आठवतो. रोगाचा झटका कोणाची परवानगी घेऊन येत नाही. तो ४० मैल वा ३० मिनिटे पाहत नाही. उपचाराची समीपता मात्र प्रत्येक वेळी कोणीतरी शब्दांत लिहावी लागते, आणि ती लिहिताना रेषा सरळ ओढावयाची की रस्त्याच्या वळणांनी, हे ज्याला तो रस्ता कापावयाचा आहे त्याला विचारून ठरविण्याची पद्धत अद्यापि पुरती रुळलेली नाही.